अँजिओप्लास्टीनंतर ‘दिवसाला दोन सिगारेटी आणि शनिवारी पेग’ एवढे चालेल का?

प्रश्न : धाकटा_भाऊ (सिंहगड रस्ता, पुणे)

नमस्कार.

माझ्या थोरल्या भावाला तीन आठवड्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला. दादाचे वय ४६ आहे. रविवारी सकाळी मंडईतून भाजी घेऊन तो घरी आला, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या घामाने चिंब भिजला. तो स्वतः ‘पित्त झाले आहे, थोडे गार दूध दे’ एवढेच म्हणत होता. वहिनीने ते ऐकले नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तिने त्याला थेट रुग्णालयात नेले, म्हणून तो आज आमच्यात आहे. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद झाली होती. त्याच दुपारी अँजिओप्लास्टी करून तिच्यात स्टेंट बसवला.

दादा हिंजवडीत नोकरी करतो. गेली बावीस वर्षे तो दिवसाला आठ-दहा सिगारेटी ओढत आला आहे. दुपारी चार वाजता ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहा आणि सिगारेट हा तर त्याचा नेमच होता. दारूचे म्हणाल तर शनिवारी मित्रांबरोबर तीन पेग, आणि गटारीला व ३१ डिसेंबरला त्याहून जास्त. श्रावण आणि गणपती मात्र तो कडक पाळतो. त्यामुळे ‘मला व्यसन नाही’ असे त्याचे ठाम म्हणणे आहे.

रुग्णालयातल्या पाच दिवसांत त्याने सिगारेटीला हात लावला नाही आणि घरी आल्यावर पहिला आठवडाही बरा गेला. आता मात्र रात्री जेवणानंतर तो गॅलरीत जाऊन दार ओढून घेतो. वहिनी बोलली की म्हणतो, ‘दहावरून दोनवर आलो, म्हणजे ८० टक्के धोका कमी केला, आणखी काय करू?’ त्यात त्याचा एक मित्र भेटायला आला होता. त्याने सांगितले की रात्री एक पेग घेतला तर रक्त पातळ राहते आणि हृदयाला ते चांगलेच असते. ओपीडीत डॉक्टरांनी ‘दोन्ही बंद करा’ असे स्पष्ट सांगितले आहे. पण बाहेर चाळीस माणसे ताटकळत बसलेली असताना त्यामागची कारणे विचारायला वेळ कुठून मिळणार?

दादा इंजिनिअर आहे. ‘कारण सांगा, मग ऐकतो’ असा त्याचा पहिल्यापासूनचा स्वभाव आहे, आणि मला तो रास्त वाटतो. म्हणून आपल्यापैकी जाणकारांनी सांगावे की दोन सिगारेटींचा हिशेब खरोखर चुकतो का, पेगाबद्दल जे बोलले जाते त्यात किती तथ्य आहे, आणि बावीस वर्षे ओढल्यानंतर आता सोडून हाती काही लागणार आहे का. घरात रोज यावरून खटके उडतात आणि दोन्ही मुले ते ऐकत असतात.


उत्तर १ : निवृत्त_परिचारिका

तुमच्या वहिनींनी दूध न देता गाडी काढली, याबद्दल सर्वांत आधी त्यांना माझा नमस्कार सांगा. माझी नोकरीची तीस वर्षे हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात गेली. ‘पित्त असेल’ म्हणून घरी तीन-चार तास बसून राहिलेली माणसे मी इतकी पाहिली आहेत की वेळेवर आलेला प्रत्येक रुग्ण पाहून आजही बरे वाटते.

दादांचा ८० टक्क्यांचा हिशेब साध्या गणितात बरोबर आहे, पण हृदयाच्या बाबतीत तो लागू पडत नाही. धूर आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते बरेचसे सरळ रेषेत चालते; जितकी वर्षे आणि जितक्या सिगारेटी, तितका धोका. हृदयाचे नाते तसे नाही. ते पहिल्या एक-दोन सिगारेटींतच झपाट्याने वर चढते आणि पुढे हळूहळू सपाट होत जाते. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, त्याचा सुमारे निम्मा वाटा रोज केवळ एक सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यात दिसून आले. दहावरून दोनवर आल्यावर दादांनी ८० टक्के सिगारेटी कमी केल्या हे खरे आहे. पण धोक्याचा बराच मोठा भाग त्या उरलेल्या दोघींतच बसलेला आहे. शिवाय संख्या घटवणारा माणूस उरलेली सिगारेट नकळत अधिक खोल ओढतो आणि अगदी बुडापर्यंत नेतो. गॅलरीत दार लावून ओढलेल्या सिगारेटीचे थोटूक किती आखूड राहते, ते एकदा पाहा.

असे का होते, हेही सांगते, कारण दादांना कारण हवे आहे. रक्तवाहिनीच्या आत एक अतिशय नाजूक अस्तर असते. वाहिनी सैल ठेवणे आणि रक्ताला तिथे चिकटू न देणे ही त्याची कामे. धुरातली रसायने रक्तात उतरली की हे अस्तर काही मिनिटांतच नीट काम करेनासे होते, वाहिनी आकसते आणि रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, अधिक चिकट होतात. त्याच वेळी निकोटिनमुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. आणि नेमक्या त्याच घटकेला धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनवर जाऊन बसतो. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, त्यामुळे प्राणवायूला जागाच उरत नाही. मागणी वाढलेली, पुरवठा घटलेला, वाट अरुंद झालेली आणि रक्त गोठायला आतुर, अशी चारही संकटे एकाच सिगारेटीत एकत्र येतात. गुठळी धरण्यासाठी वीस सिगारेटींची गरज नसते.

दादांच्या वाहिनीत आता स्टेंट आहे, हा तर आणखी वेगळा मुद्दा आहे. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. तिच्यावर वाहिनीचे स्वतःचे अस्तर चढायला अनेक महिने लागतात, आणि तोवर ती उघडी जाळी रक्ताच्या दृष्टीने परकी वस्तू असते. तिथे गुठळी होऊ नये म्हणूनच झटक्यानंतर साधारण वर्षभर दोन-दोन गोळ्या देतात. सकाळी प्लेटलेटांचा चिकटपणा घालवणारी गोळी घ्यायची आणि रात्री तोच चिकटपणा वाढवणारा धूर ओढायचा, तर गोळीने करायचे तरी काय?

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. अँजिओप्लास्टीला दोन दिवस झालेला एक चाळिशीतला गृहस्थ पहाटे सलाइनचा स्टँड ओढत जिन्यापर्यंत गेला होता. मी पाहिले तेव्हा तो पायरीवर बसला होता, हातातली सिगारेट अर्धी झाली होती आणि त्याला पुन्हा तोच घाम फुटला होता. त्याला परत आत नेले आणि सुदैवाने तो वाचला. ‘एकच ओढली होती हो,’ असे तो नंतर मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याचा मला राग आला नाही. निकोटिनची ओढ माणसाला पहाटे चार वाजता बिछान्यातून उठवून जिन्यापर्यंत नेते. ती स्वभावातली खोट नव्हे, तो आजार आहे, आणि दादांशी बोलताना घरातल्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता सोडून काय मिळणार, हा प्रश्न. पुष्कळ मिळणार. शेवटच्या सिगारेटीनंतर वीस मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात आणि एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. निरोगी माणसाने सिगारेट सोडली तर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. झटका येऊन गेलेल्यांबाबत वीस अभ्यास एकत्र करून २००३ मध्ये जे विश्लेषण झाले, त्यात झटक्यानंतर सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक कमी आढळले. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा चाळिशीत सोडणाऱ्यांनी सरासरी नऊ वर्षे परत मिळवली आणि पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा. दादा त्या दोहोंच्या मध्ये आहेत. त्यांच्या कपाटात जितकी औषधे आहेत, त्यांतले एकही एवढे देत नाही आणि इतके स्वस्त तर नाहीच नाही.

आणखी दोन गोष्टी सांगते. गॅलरीचे दार लावले तरी धूर कपड्यांतून आणि फटींतून घरात येतोच. न ओढणाऱ्या जोडीदाराचा हृदयविकाराचा धोका घरातल्या धुरामुळे सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. दुसरे म्हणजे, सिगारेट सुटली म्हणून कोणी तंबाखू-चुना किंवा गुटखा सुचवील, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. आपल्याकडे दातांना मिश्री लावणाऱ्या कितीतरी आज्या आणि मावश्या ‘मी कुठे तंबाखू खाते’ असे म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे आणि त्यातले निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते. डॉक्टरांनी विचारले तर तीही सांगायला हवी.


उत्तर २ : मात्रा_आणि_माप

ताईंनी धुराबद्दल सविस्तर लिहिले आहे, त्यात मला काही भर घालायची नाही. मी औषधशास्त्र शिकवत होतो, म्हणून पेगाबद्दल लिहितो. हा विषय सिगारेटीइतका सरळ नाही, आणि तो सरळ असल्यासारखा सांगितला की इंजिनिअर माणूस लगेच शंका काढतो. ती त्याने काढावीच.

‘थोडी दारू हृदयाला चांगली’ हे निव्वळ मित्रांनी रचलेले नाही. १९९० च्या दशकात फ्रान्समधले लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, असे दिसले आणि त्याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले. पुढे अनेक पाहण्यांत थोडी पिणाऱ्यांना अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. अडचण ‘अजिबात न पिणारे’ या गटात होती. डॉक्टरांनी बंद करायला लावल्यामुळे किंवा प्रकृती ढासळल्यामुळे दारू सोडलेले लोक त्या गटात मोठ्या संख्येने होते. आजारी माणसांशी तुलना केली की कोणीही तब्येतीचा दिसतो. शिवाय मोजकी पिणारी माणसे बहुधा सुस्थितीतली, चालणारी-फिरणारी आणि वेळेवर तपासणी करून घेणारी असतात. तो फायदा त्यांच्या राहणीचा होता आणि तो पेल्याच्या नावावर जमा झाला.

हा घोळ सोडवण्याचा एक सुंदर मार्ग चीनमध्ये वापरला गेला. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये असा एक जनुकीय फरक असतो की दारू घेतली की चेहरा लाल होतो आणि मळमळते, त्यामुळे ते जन्मतःच कमी पितात. हा फरक माणसाच्या पगारावर किंवा शिक्षणावर अवलंबून नसल्यामुळे तुलना निकोप होते. पाच लाखांहून अधिक लोकांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. नुसत्या विचारपूशीत थोड्या दारूचा जो फायदा दिसत होता, तो पक्षाघाताच्या बाबतीत जनुकांच्या आधारे पाहताच नाहीसा झाला. जितकी दारू जास्त, तितका रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका जास्त, एवढेच उरले. अगदी कमी मात्रेचा हृदयाच्या वाहिन्यांवर काय परिणाम होतो, यावर तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही, हे मी दडवणार नाही. पण त्या वादातली एकही बाजू ‘हृदयासाठी पिणे सुरू करा’ असे सांगत नाही. जागतिक हृदय महासंघाने २०२२ मध्ये दारूची कोणतीही मात्रा हृदयाला हितकारक नसल्याचे म्हटले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये कोणतीही मात्रा सुरक्षित नसल्याचे सांगितले. आपल्या भागापुरते म्हणाल तर ‘इंटरहार्ट’मध्ये दक्षिण आशियाई लोकांत दारूपासून संरक्षण दिसलेच नाही. उलट आपल्याकडे पहिला झटकाच इतर देशांच्या तुलनेत पाच-सहा वर्षे आधी येतो.

आता दादांच्या मित्राच्या ‘रक्त पातळ’ या युक्तिवादाकडे येतो. दारूचा प्लेटलेटांवर थोडा परिणाम होतो, हे खरे. पण ते काम करायला दादांकडे दोन मोजून-मापून दिलेल्या गोळ्या आधीच आहेत. त्या गोळ्या आणि दारू एकत्र आल्या की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी त्यांना दिली असेल, तर दारूच्या जोडीने ती रक्तदाब एकदम खाली आणू शकते आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. हा मुद्दा मित्राला आवर्जून सांगा.

शनिवारच्या बेताबद्दलही थोडे लिहितो. आठवडाभर कोरडे राहून एका रात्रीत सगळी दारू पिणे हृदयाला मुळीच मानवत नाही. सुट्टीच्या किंवा सणाच्या रात्री भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी छातीत धडधड होत आलेल्या रुग्णांचे वर्णन अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्येच केले आणि त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव पडले. हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. ऑस्ट्रेलियात हा विकार असलेल्या आणि नियमित पिणाऱ्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत पूर्वीप्रमाणे पिणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना, तर सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना तो त्रास पुन्हा झाला. दादा श्रावण पाळतात, ही त्यांची खरी ताकद आहे. पण श्रावणाच्या आदल्या रात्री महिन्याची भरपाई करून घेणे हृदयाच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत वाईट काम आहे.

शेवटी मापाचे. आपल्या देशी व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ३० मिलीच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ६० मिलीच्या मोठ्या पेगात २० ग्रॅम. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार लहान पेगांइतके अल्कोहोल असते. घरी पेग कोण मोजतो? दादांचा ग्लास घ्या, त्यांच्या सवयीच्या रेघेपर्यंत पाणी भरा आणि औषधाच्या मापाने मोजून पाहा.


उत्तर ३ : पर्वतीची_वाट

मी डॉक्टर नाही, पण दादांच्या जागी मी होतो. ४४ व्या वर्षी पर्वतीच्या पायऱ्या चढताना मला झटका आला. त्या १०३ पायऱ्या मी लहानपणापासून पळत चढत असे. त्या दिवशी अर्ध्यावर बसलो आणि डावा जबडा दुखतो आहे म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जायचे ठरवत होतो. छातीत दुखेलच असे नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. जबडा, खांदा, पाठ, नुसता घाम, नुसती धाप यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करायचा. आता हे मी भेटेल त्याला सांगतो.

मीही आधी ‘दिवसाला दोन’ हाच करार केला होता. अनुभव असा आहे की दोन सिगारेटींवर माणूस दिवसभर त्या दोघींचीच वाट पाहतो. सकाळी उठल्यापासून ‘आता की नंतर’ एवढाच विचार. पूर्ण बंद केल्यावर पहिले चार-पाच दिवस फार कठीण गेले, झोप उडाली, मुलीवर विनाकारण ओरडलो. पण तीन-चार आठवड्यांनंतर तो विचारच विरळ होत गेला. दोनवर असताना तसे कधीच झाले नसते, कारण प्रत्येक सिगारेट ती भूक पुन्हा जागी करते.

मला निकोटिनच्या गमचा उपयोग झाला. तो २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचा देतात. झटका नुकताच येऊन गेला असल्याने तो केव्हा सुरू करायचा, हे दादांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. त्यांना गोळ्यांचेही पर्याय ठाऊक असतात. गम साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो, हे मला दोन दिवसांनी कळले. हळूहळू चावायचा, तिखट झणझणीत चव आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. भराभर चघळला तर निकोटिन पोटात जाते, उचकी लागते आणि तलफ काही जात नाही.

तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटे टिकते. तेवढा वेळ माणसाला काही काम लागते. मी चारच्या चहाची जागा बदलली. टपरीच्या बाजूने जाणारा रस्ताच सोडला आणि सहा महिने उलट्या अंगाने फिरून गेलो. सिगारेटीच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतवाहिनीचा क्रमांक छापलेला असतो. तो मी पाकीट फेकण्याआधी लिहून घेतला आणि दोनदा फोन केला. नुसते कोणीतरी शांतपणे ऐकून घेतले, यानेही ती पाच मिनिटे निघून गेली.

वहिनींना एक विनंती. मी एकदा घसरलो होतो, सातव्या महिन्यात, एका लग्नात. बायकोने फक्त एवढे विचारले की उद्या सकाळी टेकडीवर जायचे ना? दुसऱ्या दिवशी आम्ही तळजाईला गेलो आणि त्यानंतर आजतागायत मी ओढलेली नाही.


धाकटा_भाऊ :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी दादाचा नेहमीचा ग्लास घेतला, त्याच्या सवयीच्या रेघेपर्यंत पाणी भरले आणि मुलीच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजले. १५ मिलीची ती टोपणे सहा भरली, म्हणजे ९० मिली. तो ज्याला एक पेग म्हणतो, तो प्रत्यक्षात तीन लहान पेगांचा आहे, आणि शनिवारचे ‘तीन पेग’ म्हणजे नव्वद ग्रॅमच्या वर अल्कोहोल होते. दादा शेजारीच उभा होता. त्याने टोपण माझ्या हातातून घेतले आणि स्वतः पुन्हा मोजले. सहाच भरली. मग तो बराच वेळ काही बोलला नाही.

दारू तो सरळ थांबवणार आहे. एकदम थांबवण्यात काही धोका आहे का, एवढे सांगावे.


उत्तर ४ : येरवड्याचा_सहप्रवासी

तुमच्या दादांना बहुधा नाही, कारण ते रोज पीत नाहीत आणि श्रावणात महिनाभर त्यांना काही त्रास होत नाही. पण हा धागा इतरही वाचतील, म्हणून लिहितो. जो माणूस रोज आणि भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी पहिला घोट घेईपर्यंत थरथरतात, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. सहा तासांपासून पुढे थरथर, घाम आणि झोप उडणे सुरू होते, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस कोणालाही ओळखेनासा होतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधीच दुखावलेल्या हृदयावर तो ताण फार मोठा असतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊनच सोडवावी लागते. आपल्या पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करते आहे. माझ्या धाकट्या काकांना आम्ही तिथे नेले तेव्हा त्यांचे हृदय इतके फुगले होते की जिना चढताना दोनदा बसावे लागे. वर्षानुवर्षांच्या दारूने हृदयाचा स्नायू ढिला पडतो, त्यातला तो प्रकार होता. दारू सुटल्यावर वर्षभरात त्यांच्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सुधारणा दिसली. सगळ्यांचे हृदय इतके सावरत नाही, पण काकांचे सावरले.


धाकटा_भाऊ :

कळवण्यासारखे एवढेच. डॉक्टरांनी गमला परवानगी दिली असून दादाने परवापासून तो सुरू केला आहे. गॅलरीतली राखेची वाटी त्याने स्वतः घासून भाजीच्या बिया वाळवायला ठेवली. मात्र दुपारी चारला चहा झाला की लगेच गम घेतो, तेव्हा त्याचा परिणामच जाणवत नाही असे म्हणतो. मात्रा वाढवावी का?


पर्वतीची_वाट :

मात्रा वाढवू नका, आधी चहा आणि गम यांत अंतर ठेवा. चहा-कॉफी किंवा लिंबू सरबताने तोंडात आंबटपणा येतो आणि मग निकोटिन हिरडीतून शोषले जात नाही. चहानंतर पंधरा मिनिटे थांबून, साध्या पाण्याने चूळ भरून गम घ्यायला सांगा, आणि गम तोंडात असताना पाण्याखेरीज काही नको. चारची वेळच अवघड जात असेल तर गम पावणेचारला घ्यावा आणि चहा साडेचारला प्यावा. मी तसेच करत असे.